इम्युनिटीची गोळी मागायला येताना पिशवी घेऊन या

पहिला पाऊस पडला की आमच्या चिपळुणात दोन गोष्टींना गिऱ्हाईक वाढतं. एक छत्री आणि दुसरं 'इम्युनिटीचं काहीतरी'. छत्री मी विकत नाही. दुसरं विकते, गेली सव्वीस वर्षं, बाजारपेठेतल्या दहा बाय चौदाच्या मेडिकलमध्ये, डी.फार्म.चं सर्टिफिकेट डोक्यामागे टांगून. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात माझं थोडं नुकसानच आहे. असो.

"ताई, इम्युनिटीचं काहीतरी चांगलं द्या."
"कोणाला?"
"घरात सगळ्यांनाच."

इथेच गाडी अडते. सगळ्यांना म्हणजे चार वर्षांची नात, मधुमेहाच्या सासूबाई, बिडी ओढणारे सासरे आणि तिसरा महिना लागलेली सून. या चौघांना चालेल अशी एकच बाटली अजून कुठल्या कंपनीने काढलेली नाही, काढली असं लेबलवर लिहिलेलं असलं तरी. म्हणून मी गिऱ्हाइकाला परत पाठवते आणि सांगते, घरात सध्या जी जी गोळी, पावडर, सिरप, च्यवनप्राश चालू आहे ते सगळं पिशवीत घालून आणा. निम्मे लोक येत नाहीत. येतात त्यांचं भलं होतं.

आधी पिशवी रिकामी करा

गेल्या जूनमध्ये एक ताई आल्या, पन्नाशीच्या, शिवणकाम करणाऱ्या. कापडी पिशवी काउंटरवर उलटी केली. एक मल्टिव्हिटॅमिन, एका डॉक्टरांनी कोविडच्या वेळी लिहून दिलेलं आणि मग कोणीच बंद न केलेलं झिंक, व्हिटॅमिन सीची पाण्यात टाकून फसफसणारी गोळी, हातापायाला मुंग्या येतात म्हणून 'नसांची' गोळी, बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम आणि भाचीने मुंबईहून पाठवलेल्या केसांसाठीच्या, चॉकलेटसारख्या चघळायच्या गमीज. सात प्रकार. त्यात थायरॉइडची गोळी वेगळी.

मी जुन्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक २२ मिलिग्रॅम, स्वतंत्र गोळीत ५०, फसफसणाऱ्या गोळीत १०. बेरीज ८२. मोठ्या माणसाने रोज, बरेच दिवस, ४० च्या वर जाऊ नये असा दंडक आहे. झिंक जास्त झालं की शरीर तांबं आत घेईनासं होतं, आणि तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशीही घटतात. पांढऱ्या पेशी म्हणजे ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट चालली आहे त्याच. पुढे बी६. ते तीन गोळ्यांत होतं. हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात कित्येक महिने घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात. ताई ज्या मुंग्यांसाठी गोळी घेत होत्या त्या मुंग्या कुठून आल्या होत्या, हे ठरवणं माझं काम नाही, पण ती चिठ्ठी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे जायला मी भाग पाडलं.

आणि गमीज. त्यात बायोटिन होतं, १०,००० मायक्रोग्रॅम. बायोटिनने केसांचं काय होतं ते सोडा, ते रक्ताच्या तपासणीत घोळ घालतं. कित्येक लॅबच्या यंत्रांत थायरॉइडची तपासणी बायोटिनच्याच चिकटपणावर चालते, त्यामुळे रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी३, टी४ खोटं जास्त दिसू शकतं. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिनची तपासणी करतात तीही चुकू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-नियंत्रण खात्याने, २०१७ साली याबद्दल जाहीर सूचना काढली होती. ताईंचा थायरॉइडचा डोस त्या वर्षात दोनदा बदलला होता. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवायचं आणि रक्त घेणाऱ्याला सांगायचं, एवढी गोष्ट कोणी त्यांना सांगितली नव्हती. मीही नाही. मला गमीजचा पत्ताच नव्हता.

तर पहिलं काम हे. पिशवी उलटी करा, कागद घ्या, प्रत्येक गोळीतलं एकेक जीवनसत्त्व एका ओळीत लिहा आणि बेरीज करा. झिंकचा आकडा लिहिताना फसू नका. पाकिटावर 'झिंक सल्फेट ६१.८ मिलिग्रॅम' असं मोठं छापलेलं असतं, आणि शेजारी बारीक अक्षरात 'एलिमेंटल झिंक', म्हणजे त्यातलं निव्वळ झिंक, किती ते असतं. तो बारीक आकडा खरा, साधारण साडेबावीस. चष्मा लावून वाचा, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

आमटीतलं मीठ

लोकांना वाटतं गोळी घेतली की प्रतिकारशक्ती 'वाढते'. आमटीत मीठ कमी असेल तर चिमूटभर घातल्याने आमटी सुधारते. मीठ बरोबर असलेल्या आमटीत आणखी चिमूट घातली तर काय होतं ते प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं आहे. अंगात एखादं जीवनसत्त्व खरंच कमी असेल तर ते भरून काढल्याने फरक पडतो, कधी कधी डोळ्यांना दिसेल इतका. कमी नसेल तर पैसे लघवीवाटे जातात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, घाबरून फोन करतात लोक, तो रायबोफ्लेविन म्हणजे बी२चा रंग. शरीराला लागलं तेवढं ठेवलं, बाकीचं बाहेर.

२०२० साली मार्च-एप्रिलात माझ्या दुकानासमोर चुन्याचे गोल आखलेले होते आणि त्या गोलांत उभी असलेली प्रत्येक व्यक्ती लिम्सी मागत होती. व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी, पंधराचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांना. तीन दिवसांत संपली. मग मी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'व्हिटॅमिन सी नाही, पेरू मंडईत मिळेल'. लोकांना राग आला. तो विनोद नव्हता, पण वेळ चुकली होती खरी. पुढे माल सुटला तेव्हा मी घाबरून दोन खोकी जास्त भरली, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी दुकानात शिरली तेव्हा त्यातली बरीचशी चिखलात गेली.

त्या साथीत सी आणि झिंकचे मोठे डोस सगळीकडे लिहून दिले जात होते. अमेरिकेत २१४ कोविड रुग्णांवर याचीच चाचणी झाली, कोणाला ५० मिलिग्रॅम झिंक, कोणाला ८,००० मिलिग्रॅम सी, कोणाला दोन्ही, कोणाला काहीच नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत निकाल आला. कोणत्याच गटात लक्षणं लवकर गेली असं दिसलं नाही. ज्यांनी माझ्याकडून पाकिटं नेली त्यांना मी हे सांगत बसले नाही. त्या दिवसांत माणसाला हातात काहीतरी हवं होतं.

डी, आणि गुरुजींचं पाकीट

या भागात मी रेंगाळणार आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झाली.

२०१८ चा डिसेंबर. निवृत्त शिक्षक, वय ७६, आमच्या पिढीला गणित शिकवलेले. हाडं दुखतात म्हणून तपासणी केली, व्हिटॅमिन डी निघालं ९. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, तर हे खूपच कमी. डॉक्टरांची चिठ्ठी अगदी बरोबर होती: ६०,००० युनिटची गोळी, आठवड्याला एक, आठ आठवडे. आठ गोळ्यांचं एक पाकीट, म्हणजे एका पाकिटात कोर्स पुरा. मी पाकीट दिलं आणि मागे चार माणसं उभी असताना म्हणाले, "गुरुजी, आठवड्याला एक हं."

आठवड्याला एक काय, ते मी बोलले नाही. गुरुजींनी धरलं, आठवड्याला एक पाकीट. आठ गोळ्या, सात दिवस, त्यांना ते बेताचं वाटलं. रविवारी सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. दुसरं पाकीट मागायला ते माझ्याकडे आले असते तर मी ओरडले असते. पण त्यांच्या मुलाने पुण्याहून सात पाकिटं एकदम ऑनलाइन मागवून दिली, बापाला खेप नको म्हणून. आठ आठवड्यांत ६४ गोळ्या. घ्यायचे होते ४ लाख ८० हजार युनिट, गेले ३८ लाख ४० हजार.

आधी पोट साफ होईना. मग तहान, रात्री पाच-पाच वेळा उठणं, जेवणाचा वास नको, उलट्या. घरच्यांना वाटलं वय झालं. एका रात्री ते उठून बसले आणि हजेरी घ्यायला लागले, चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची, नावानिशी. तेव्हा रत्नागिरीला नेलं. रक्तात कॅल्शियम १४.१, जे साडेदहाच्या आत हवं. डीच्या रिपोर्टवर आकडा नव्हताच, '१५० पेक्षा जास्त' एवढंच छापलेलं. मूत्रपिंडाला त्रास सुरू झाला होता. कित्येक दिवस सलाईन चढवलं, आणि घरी आल्यावरही दूध, उन्हात बसणं, सगळं बंद. डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे गोळी थांबवली तरी ते आठवडेच्या आठवडे रक्तात झिरपत राहतं. सीचं तसं नाही, ते धुऊन जातं. हा फरक एवढा एकच लक्षात राहिला तरी पुरे: ए, डी, ई, के साठतात, सी आणि बी गटातली बहुतेक वाहून जातात.

गुरुजी बरे झाले. अजून येतात, रक्तदाबाच्या गोळ्या नेतात. मी काही सांगितलं की ते वर्गात उत्तर म्हणून दाखवावं तसं मोठ्याने परत म्हणतात, आणि दुकानातली माणसं हसतात. मी हसत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे काळा मार्कर असतो. ६०,०००च्या पाकिटावर प्रत्येक गोळीच्या मागे मी 'रवि' लिहिते, आठ वेळा. आणि पाकिटावर शेवटच्या रविवारची तारीख. तुमचा मेडिकलवाला लिहीत नसेल तर तुम्ही लिहा.

आता डी घ्यायचं कसं. निरोगी मोठ्या माणसाची रोजची गरज आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ६०० युनिट धरली आहे. स्वतःच्या मनाने रोज ४,००० युनिटच्या वर जायचं नाही. ६०,०००ची गोळी ही कमतरता भरून काढण्याची, डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायची, आणि संपली की संपली. गोळी जेवणाबरोबर घ्या, तेही ज्यात थोडं तेल-तूप आहे अशा. नुसत्या चहाबरोबर घेतलेली डी पुरती अंगी लागत नाही. पावडरची पुडी दुधातून घेतली तरी चालते.

उन्हाबद्दल मात्र एक गैरसमज फार पक्का आहे, 'कोवळं ऊन'. सकाळी सातच्या उन्हात बसून जपमाळ ओढणारे काका माझ्या ओळखीचे आहेत. मन शांत होत असेल, डी फारसं होत नाही. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावर पोचतात, साधारण अकरा ते दोन-तीन या वेळात. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं, काळ्या रंगाला आणखी थोडं जास्त. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे गणित बंदच असतं, आणि जून-जुलैत मासेमारीही बंद, म्हणजे बांगडा आणि तारली या ज्या दोन तेलकट माशांतून डी मिळायचं तेही नाही. उरलं अंड्याचं बलक.

डीने सर्दी-खोकला कमी होतो का? २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २५ चाचण्यांचा, सुमारे ११,००० माणसांचा एकत्रित हिशोब आला. ज्यांच्या अंगात डी फारच कमी होतं आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं, त्यांना फायदा झालेला दिसला. एकदम मोठा डोस दिलेल्यांना नाही. पुढे आणखी चाचण्या मिळवत गेल्यावर एकूण फायदा बारीक होत गेला. म्हणून धडधाकट माणसाने उगीच हजार-बाराशे रुपये घालून डीची तपासणी करावी असं मी म्हणत नाही. हाडं दुखतात, घराबाहेर पडणं होत नाही, अंगभर कपडे असतात, म्हातारपण आहे, तर डॉक्टरांना विचारा.

सी आणि झिंक

सीबद्दल सगळ्यात नीट हिशोब २०१३ सालचा आहे, कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तोलून बघणाऱ्या मंडळींचा. रोज सी घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी कमी वेळा होते असं दिसलं नाही. झाली तर मोठ्यांची सुमारे ८ टक्के आणि मुलांची सुमारे १४ टक्के लवकर आटोपली. सात दिवसांच्या सर्दीतला जेमतेम अर्धा दिवस वाचला असं धरा. आणि हे आधीपासून रोज घेणाऱ्यांचं. शिंका सुरू झाल्यावर गोळी तोंडात टाकणाऱ्यांना खात्रीचा फायदा नाही. माझं निम्मं गिऱ्हाईक या दुसऱ्या जातीचं. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, यांची सर्दी मात्र निम्म्यावर आली होती. तुम्ही त्यांतले असाल तर घ्या बापडे.

रोजची गरज पुरुषाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. एक मध्यम पेरू खाल्ला की झालं, शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या आसपास सी असतं. आवळ्यात त्याहून जास्त. मार्च-एप्रिलात आमच्याकडे काजूची बोंडं झाडाखाली सडून जातात. संत्र्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त सी असतं. मीठ लावून खाल्ली की घसा धरतो तो धरतो, पण शेजारच्या झाडाखाली पडलेलं सोडून आपण पाकिटातलं विकत घेतो, याचं मला हसू येतं. आवळा मात्र शिजवून मुरंबा केलात तर बरंचसं सी उष्णतेने गेलं असं समजा.

गोळी घ्यायचीच असेल तर ५०० ची रोज एक, काही आठवडे, एवढ्यावर थांबा. दिवसाला २,००० च्या पुढे जुलाब, पोटात कळ आणि ज्यांना मुतखड्याची खोड आहे त्यांना नवा खडा. चघळायच्या गोळीत साखर असते, मधुमेहवाल्यांनी बघून घ्या. चघळून झाल्यावर चूळ भरा, दातांना आंबट चिकटून राहतं. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं, रक्तदाबवाल्यांनी ती टाळलेली बरी. आणि तिच्या नळीचं झाकण, ज्यात ओल शोषणारे खडे खुळखुळतात, ते घट्ट लावा. कोकणच्या हवेत सीच्या गोळीवर आठवड्यात तपकिरी ठिपके येतात. तशी गोळी फेकून द्या. गॅसच्या वरच्या फळीवर औषधं ठेवणारी घरं मी बरीच पाहिली आहेत, ती वाफ सगळ्यात वाईट. कपड्यांच्या कपाटात ठेवा.

झिंकचं अर्धं वर सांगून झालं. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं, म्हणून काहीतरी खाऊन घ्या. लहान मुलाला जुलाब लागले असतील तर झिंक खरंच कामाचं आहे: ओआरएसबरोबर रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. आया इथे हमखास मध्येच सोडतात, आणि ज्यांना लागत नाही ते मोठे लोक वर्षभर घेत बसतात.

बाकीची झटपट

ए जीवनसत्त्व मुलांना सरकारी केंद्रात फुकट मिळतं: नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत. अंगणवाडीत दिलेलं असेल तर बाहेरून वेगळं पाजू नका. गरोदर बाईने डॉक्टरांना न विचारता ए असलेली कोणतीही गोळी घ्यायची नाही, जास्त ए गर्भाला बाधतं. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्या ज्या रंगापासून शरीर ए बनवतं त्याच्या, गोळ्या घेऊ नयेत. फिनलंडमध्ये २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली होती, कर्करोग कमी होईल म्हणून. १९९४ साली निकाल आला तो उलटा, फुफ्फुसाचा कर्करोग जास्त. गाजरं खायला काही हरकत नाही.

ई आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचं जमत नाही, मोठ्या डोसने रक्तस्राव होऊ शकतो. के तर अशा काही गोळ्यांचा परिणामच मोडून काढतं. म्हणून त्या गोळ्या चालू असलेल्या, हृदयाची झडप बदललेल्या माणसाने मल्टिव्हिटॅमिनदेखील विचारून घ्यावं.

बी१२ चं खरं काम रक्त आणि नसा. शुद्ध शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर तपासून घ्या. गमतीची गोष्ट अशी की ज्यांना ते खरंच हवं असतं ते कधी मागत नाहीत.

कधी आणि कशाबरोबर

थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, आणि कॅल्शियम, लोह किंवा त्यांचं मल्टिव्हिटॅमिन तिच्यानंतर निदान चार तासांनी. दोन्ही एकदम घेतलीत तर थायरॉइडची गोळी पुरती आत जात नाही. लोह आणि कॅल्शियमही वेगळ्या वेळी. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको. लिंबूपाणी चालेल, त्याने लोह उलट चांगलं लागतं.

भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. ती कॅप्सूल आणि झिंक, लोह, कॅल्शियम यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर हवं, नाहीतर दोन्ही पोटात एकमेकांना धरून बसतात आणि लेप्टोपासून संरक्षण राहतं कागदावर. चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला इम्युनिटीच्या गोळीने तिच्या खऱ्या औषधाचं नुकसान व्हावं, यासारखं वाईट काही नाही.

विकत घेताना डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर (खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा) आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' दिसलं तर ते औषध नव्हे, कायद्याने खाद्यपदार्थ. त्यावर 'आजार बरा करतो' असं लिहिलेलं असेल तर डबा खाली ठेवा. सहाशे-आठशे रुपयांच्या डब्यातलं आणि जनऔषधी केंद्रातल्या साध्या पाकिटातलं जीवनसत्त्व एकच असतं. हे मी लिहिलं ते माझ्याकडे येणाऱ्या एमआर, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधी मंडळींना दाखवू नका. गमीज मात्र मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, ती खाऊ समजून डबा संपवतात, आणि त्यात किंवा शेजारच्या गोळ्यांत लोह असेल तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

गोळी मी देत नाही ती वेळ

तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरलंय, आणि माणूस इम्युनिटीचं सिरप मागतोय. त्याला मी सिरप देत नाही, थुंकीच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात पाठवते, फुकट होते. दर महिन्याला गळू येणाऱ्याला साखर तपासायला. साठीच्या पुढच्या, दम्याच्या, मधुमेहाच्या माणसाला फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारायला, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

आणि जे अंगाने वाळलेले आहेत त्यांना जेवायला. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ मध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांवर एक अभ्यास झाला, दहा हजारांहून जास्त लोकांचा. एका गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी. त्या गटात क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. त्यात गोळीचा वाटा कितीही धरा, मला त्यातली तूरडाळ जास्त पटते.

शेवटची तारीख

गोळी सुरू करायच्या दिवशीच ती बंद कधी करायची ते ठरवायचं. सी चार आठवडे, डी आठ रविवार, बाळाचं झिंक चौदा दिवस, असं. डॉक्टरांना चिठ्ठी घेतानाच विचारा, "कधीपर्यंत?" हा प्रश्न विचारला की तेही एकदा थांबून विचार करतात. मग ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहा, नुसती पाकिटावर नको. पाकीट संपलं की फेकलं जातं आणि कोणीतरी नवीन आणतं.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या चौकोनात माझ्या अक्षरात आहे, 'आई – डी – आठवी, बंद'. त्याखाली सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलंय, 'मग पुढच्या रविवारी काय?' मी शेजारी लिहिलं आहे, 'अंडं.'